साक्षीला कोण येणार?

मुंबईत कोणाचा मोबाईल हिसकावला गेला की शेजारचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कुठल्या कंपनीचा होता?" दुसरा विचारतो, "हप्ते बाकी होते का?" तिसरा प्रश्न नसतोच, तिथून पुढे मते सुरू होतात. खिडकीशी बसून फोन बाहेर काढायचाच कशाला, दारात उभे राहून बोलायचेच कशाला, बाईमाणसाने इतक्या उशिरा निघायचेच कशाला. चोर तोवर विषयातून निसटलेला असतो.

आम्ही चौघी शिक्षिका गेली बारा वर्षे हार्बर मार्गाने ये-जा करतो. शाळा उर्दू माध्यमाची. आमच्यात कोणी उर्दू शिकवते, कोणी मराठी. एवढ्या वर्षांत चोरीचे सारे प्रकार बघून झाले. रुळांच्या कडेला किंवा सिग्नलच्या खांबाला चिकटून एक पोरगा उभा असतो. दारातल्या प्रवाशाच्या हातावर तो काठी मारतो आणि फोन खाली पडतो. याला 'फटका' म्हणतात. फोन वाचवायला वाकलेली माणसे तोल जाऊन पडली आहेत, हातपाय गमावून बसली आहेत. मे 2021 मध्ये कळवा स्थानकात मोबाईल चोराशी झटापट करताना एक तरुण आई गाडीखाली आली आणि गेली. दोन दिवस डब्यात त्यावर बोलणे झाले, मग पाऊस आला आणि बोलणे पावसाकडे वळले.

त्याआधीची अंबोलीची घटना पुष्कळांना आठवत असेल. 20 ऑक्टोबर 2011 च्या रात्री अंधेरीत दोन तरुणांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकले, म्हणून त्यांना रस्त्यातच भोसकले. एक त्याच रात्री गेला, दुसरा महिनाअखेरीस रुग्णालयात. रस्ता रिकामा नव्हता, बघणारे होते. मे 2016 मध्ये चौघांना जन्मठेप झाली. न्यायालयात साक्षीला उभी राहिली ती त्या दोघांच्या सोबतची मित्रमंडळी.

याला सरसकट 'बेपर्वाई' म्हटले जाते. आम्हाला हा शब्द पटत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा याच शहरातल्या लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतले आणि रस्त्यात अडकलेल्यांना चहा-बिस्किटे वाटली. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत स्फोट झाले, तेव्हा रुळालगतच्या झोपड्यांतली माणसे घरच्या चादरी घेऊन धावली आणि जखमींना त्यांत घालून बाहेर काढले. ही माणसे बेपर्वा कशी? फरक इतकाच, की पुरात कोणी वही काढून नाव-पत्ता विचारत नाही. चोरीत विचारतात. माणूस मदतीला घाबरत नाही, साक्षीला घाबरतो.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. संध्याकाळी सहाच्या सुमारास आम्ही फलाटावर उभ्या होतो. बाकावर बसून एक बाई फोनवर बोलत होती. चार घरी स्वयंपाक करणारी, हातात भाजीची पिशवी. एका पोराने फोन ओढला आणि तो पळाला. ती ओरडली. आजूबाजूच्या माणसांनी एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा इंडिकेटरकडे. बूटपॉलिशवाल्याने मात्र बसल्या जागेवरून आपली लाकडी पेटी पोराच्या पायात सरकवली आणि पोरगा तोंडावर पडला.

तो पडल्याबरोबर फलाट जागा झाला. घटकाभरापूर्वी इंडिकेटर वाचणारेच धावत आले. पट्टे निघाले, कोणी डबा उगारला. पोराच्या ओठातून रक्त येऊ लागले. फोन त्याच्याकडे नव्हताच, तो केव्हाच दुसऱ्या साथीदाराच्या हाती गेला होता. मग एकाने त्याचे नाव विचारले. त्याने सांगितले. नाव आमच्यासारखेच होते. त्यानंतरचे फटके चोराला नव्हते.

आम्ही चौघी आत घुसलो. यात शौर्य वगैरे काही नव्हते, पाय लटपटत होते. आमच्यातल्या एकीकडे सहामाहीच्या उत्तरपत्रिकांची पिशवी होती, ती तिने पोराच्या डोक्यावर धरली. सातवी 'ब'च्या काही पेपरांवर अजून पट्ट्याचे वळ आहेत. आमचे बुरखे बघून मागून आवाज आला, "अपनेवाले को बचाने आयी क्या?" आमच्यातली सगळ्यात थोरली, जी वर्गातही कधी आवाज चढवत नाही, ती वळून म्हणाली, "पोलिसांच्या ताब्यात द्यायला आलोय. तुम्हीपण चला." कोणी काही बोलले नाही, पण हात थांबले.

दहा मिनिटांनी लोहमार्ग पोलीस आले. हवालदाराने विचारले, "साक्षीला कोण येणार?"

तेवढ्यात पनवेल आली. सगळ्यात जोरात मारणारा सगळ्यात आधी चढला. गाडी सुटली तेव्हा फलाटावर उरलो आम्ही चौघी, ती बाई आणि बूटपॉलिशवाला. शंभर हात मारायला होते, सही करायला सहाच.

ठाण्यात लिहून घेणाऱ्याने सुचवले, "मोबाईल गहाळ झाला असे लिहू, लवकर मोकळ्या व्हाल." बाई मान हलवणार होती. सहा हप्ते बाकी होते आणि रात्रीचा स्वयंपाक एका घरी राहिला होता. आम्ही म्हटले, गहाळ नाही, हिसकावला. भारतीय न्याय संहितेत 1 जुलै 2024 पासून हिसकावण्याच्या गुन्ह्याला कलम 304 हे स्वतंत्र कलम आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मराठी शिकवणाऱ्या बाईला शब्दातला फरक कळतो, एवढाच आमचा अधिकार. गुन्हा नोंदवून निघायला पावणेअकरा झाले. घरून फोनावर फोन. एकीच्या यजमानांचे पहिले वाक्य होते, "पत्तापण लिहिलास?"

ते चुकीचे बोलले असे आम्ही म्हणणार नाही. तारखांवर तारखा पडतात, आरोपीचे सोबती गल्लीतच राहतात, आणि आपले नाव पोलिसांच्या कागदावर चढले की पुढे ते कुठे निघेल याची धास्ती आपल्या घरांत जरा जास्तच असते. त्या धास्तीला कारणे आहेत. पण काही गोष्टी माहीत नसल्यानेही ती वाढते. दुसऱ्या आठवड्यात आमच्यातल्या एकीला निरोप आला, जबाबासाठी ठाण्यात या. साक्षीदार बाई असेल तर पोलिसांना तिला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब तिच्या राहत्या घरी येऊनच घ्यावा लागतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 160 मध्ये होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 179 मध्ये आहे. आम्ही तसे नम्रपणे कळवले. तिकडचा माणूस हसला, पण दोन दिवसांनी महिला पोलीस घरी आली, चहा प्यायली आणि जबाब घेऊन गेली. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. नोंदीची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. एवढे तरी घरातल्या मुलींना ठाऊक असावे.

आमच्या शाळेत सीरतचा तास असतो. मुलांना हिल्फुल फुजूल सांगायची वेळ आली तेव्हा या वर्षी ते नुसते पाठांतर राहिले नाही. मक्का हे व्यापाराचे शहर. येमेनकडच्या जुबैद कबिल्याचा एक व्यापारी माल घेऊन आला. कुरैशातल्या आस बिन वाइल या बड्या माणसाने माल घेतला आणि पैसे बुडवले. परका माणूस, ओळख ना पाळख. तो ज्यांच्याकडे गेला त्यांनी पाठ फिरवली. शेवटी तो काबागृहाजवळच्या अबू कुबैस टेकडीवर चढला आणि साऱ्या शहराला ऐकू जाईल असा ओरडला. तेव्हा काही माणसे अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमली आणि त्यांनी शपथ घेतली, की मक्केत कोणावरही जुलूम झाला, तो इथला असो की परका, तर त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहू. मग ते आसकडे गेले आणि माल परत मिळवून दिला. हजरत मुहम्मद (स.) तेव्हा विशीच्या आसपास होते आणि त्या बैठकीत हजर होते. पुढे प्रेषितत्व मिळाल्यावरही, अशा करारासाठी आजही कोणी हाक मारली तर मी जाईन, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले आहे. एका मुलाने विचारले, "मिस, त्या लोकांनी आसला मारलं का?" नाही मारले. गेले, उभे राहिले आणि माल परत घेतला.

जानेवारीत त्या पोराची आई शाळेच्या फाटकाशी आली. आमच्याच एका विद्यार्थ्याची ती मावशी निघाली. पोरगा एकोणीस वर्षांचा. आधी खोकल्याचे औषध, मग ज्याला वस्तीत 'बटन' म्हणतात त्या गोळ्या, मग चोऱ्या. ती रडली नाही. म्हणाली, "बाजी, तुम्ही आपल्याच ना? मग आपल्या पोराविरुद्ध बोलणार?"

याचे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते असे नाही, पण एका आईच्या तोंडावर ते देणे जड गेले. न्यायासाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या, नातलगांच्या विरुद्ध का जाईना, हा आदेश सूरह अन्-निसा (4:135) मध्ये आहे. त्याच सूरहमधल्या 105 पासूनच्या आयती चोरीच्याच प्रसंगावर उतरल्याचे तफ्सीरकार सांगतात. मदीनेत तुअमा नावाच्या माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुद्यावर घातला. कबिल्याचे लोक आपला माणूस म्हणून तुअमाच्या बाजूने बोलायला आले. वह्य आली ती त्या निर्दोष यहुद्याच्या बाजूने.

आम्ही तिला एवढेच सांगितले, की जे पाहिले ते सगळे सांगू. त्याने फोन ओढला हेही, आणि लोकांनी त्याला कसे मारले, नाव ऐकल्यावर कसे मारले, हेही. दोन्ही गोष्टी आमच्या जबाबात एकाच पानावर आहेत. ती म्हणाली, "दुसरी गोष्ट कोणी लिहून घेतली?" आम्ही म्हटले, लिहायला लावली. मग तिला एका कागदावर दोन पत्ते लिहून दिले. कोठडीतल्या आरोपीला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, एक पत्ता तिथला. दुसरा केईएम रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती केंद्राचा. कागद तिने आधी घेतला नाही. फाटकापर्यंत गेली, परत आली, घेतला.

फोन अजून मिळालेला नाही. बाईने शेवटचे दोन हप्तेही भरले, नसलेल्या फोनचे. खटल्याची तारीख लागायची आहे. रजेचा अर्ज आम्ही आताच लिहून ठेवला आहे, तारखेची जागा कोरी सोडून. बूटपॉलिशवाला रोज संध्याकाळी ब्रश पेटीवर आपटतो आणि विचारतो, "टीचर, तारीख आली का?" त्याला त्या दिवशीचा धंदा बुडवावा लागणार आहे, म्हणून आधी कळलेले बरे, असे तो म्हणतो.