हवा आणि स्प्रिंग

धाकट्या भावाने जुनी फोर व्हील ड्राइव्ह घेतली, तेव्हा तिच्या मागच्या हवेच्या सस्पेन्शनचं मला भारी कौतुक. मागे नारळाची पोती टाका, माणसं कोंबा, गाडी आपली समतल! कॉम्प्रेसर रबरी फुग्यांत लागेल तेवढी हवा भरायचा.

गेल्या चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीत माटोळीचा बाजार करून सामान गाडीत ठेवलं. सकाळी बघतो तर गाडी मागून बसलेली. रबराला चिरा, आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसरही जळालेला. पेडण्याच्या मूळ घरी गणपती माटोळीविना खोळंबलेला. शेवटी शेजाऱ्याचा पिकअप धावला.

2012 साली खाणी बंद होईपर्यंत ट्रकांचे पाटे बदलणारा मेकॅनिक म्हणाला, "बाब, कॉईल स्प्रिंगा घाला. हवा गळायची भीती नाही. पण ओझं वाढलं की गाडी मागून बसेल, ती आपणहून वर यायची नाही."

घातल्या. आता कोलवाळचा पूल ओलांडताना मागचं ओझं कळतं. हवेने ते कधी कळूच दिलं नव्हतं. खरं सांगू? यंदा आम्ही सामानच थोडं कमी भरणार आहोत.