एका कंपायलरची साक्ष पुरेशी नाही

वैज्ञानिक गणितासाठी कोणता कंपायलर घ्यावा, या प्रश्नाला आमच्या क्षेत्रात बहुधा वेगाच्या आकड्यांनी उत्तर दिलं जातं. त्याला परंपराच तशी आहे. १९५७ साली जॉन बॅकस आणि सहकाऱ्यांचा फोरट्रान कंपायलर आयबीएम ७०४ वर आला, तेव्हा हाताने लिहिलेल्या असेंब्लीच्या तोडीचा वेग मिळाला नसता, तर त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. तरीही वेग ही मला दुय्यम कसोटी वाटते. कंपायलर उत्तरातही हात घालतो, म्हणून तो प्रयोगाच्या उपकरणांपैकीच एक समजायला हवा.

डबल प्रिसिजनमध्ये १०^१६ मधून १०^१६ वजा करून १ मिळवला, तर उत्तर १ येतं. पण १ आधी दुसऱ्या पदात मिळवला, तर तो पूर्णांकनात गडप होतो आणि उत्तर शून्य येतं. बेरजेचा क्रम बदलायची मुभा मिळाली की कंपायलर नेमकं हेच करू शकतो. जीफोरट्रान हा फोरट्रान कंपायलर ही मुभा आपणहून घेत नाही, ‘फास्ट-मॅथ’ हा पर्याय मागितला तरच घेतो. इंटेलचा कंपायलर मात्र काही न सांगताही बराच सैल वागतो. बेरीज करण्याच्या काहानच्या पद्धतीत पूर्णांकनात हरवलेले अंक जपणारी वजाबाकी बीजगणिताने शून्यच ठरते. फास्ट-मॅथखाली ती निरुपयोगी समजून काढून टाकली जाते आणि सगळी खबरदारी वाया जाते.

म्हणून प्रोग्रॅम दोन कंपायलरवर चालवून पाहावा, पण ते दोन नावापुरते वेगळे नसावेत. इंटेलचा नवा आयएफएक्स, फ्लँग आणि ज्युलिया या तिघांचंही मशीन कोड एलएलव्हीएम ही एकच सामायिक यंत्रणा तयार करते. त्यांचं एकमत झालं, तरी त्या स्वतंत्र साक्षी नव्हेत. जोडीला जीसीसीच्या घराण्यातला जीफोरट्रान असावा. एनएजीचा कंपायलर प्रोग्रॅम आधी सी भाषेत उतरवतो आणि पुढचं काम सी कंपायलरवर सोपवतो, म्हणून तोही पूर्ण वेगळा साक्षीदार नव्हे. त्याचा खरा उपयोग भाषेच्या नियमांवरची त्याची करडी नजर आणि प्रोग्रॅम चालताना होणाऱ्या तपासण्या यांसाठी.

यावर कोणी म्हणेल, पंधराव्या अंकातल्या फरकाचं एवढं काय, मोजमापातली चूक त्याहून कितीतरी मोठी असते. स्थिर गणितांत हे खरं आहे. पण हवामानासारख्या गणितात इवलासा फरकही वाढत जातो: हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१ साली आपल्या मॉडेलमध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि पुढचं हवामान पार वेगळं निघालं. मग दोन कंपायलरची उत्तरं जुळणारच नाहीत, तर ती ताडून काय साधणार, असा उलट प्रश्न येतो. उत्तर असं की अंक न् अंक जुळवायचा नसतोच. सुरुवातीची स्थिती किंचित बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवलं की उत्तरांचा एक पसारा मिळतो. कंपायलर बदलल्याने पडलेला फरक त्या पसाऱ्यात मावला, तर चिंता नाही. मावला नाही, तर आरंभमूल्य न दिलेलं चल किंवा ॲरेची ओलांडलेली हद्द शोधायला लागावं. राहिला वेळेचा मुद्दा: ही तपासणी लहान ग्रिडवरही होते, तेव्हा वेळ नाही ही सबब टिकत नाही.