फाटलेल्या जाळ्याचे पैसे

माझी सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेली. त्यामुळे अनुदान हा शब्द कानावर पडला की आधी भुवई वर जायची. डिसेंबर 2018मध्ये राज्य सरकारने मच्छीमारांसाठी एक योजना आणली. जाळ्यात कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव अडकला आणि त्याला सोडायला जाळं कापावं लागलं, तर भरपाई. जास्तीत जास्त 25,000 रुपये. शांती नगरातल्या आमच्या कट्ट्यावर मी लगेच निकाल दिला, ''उद्या सिग्नल तोडला नाही म्हणूनही पैसे देतील!'' कासव मारणं गुन्हाच आहे, मग गुन्हा न करण्याचं बिल सरकारने का भरायचं? मंडळी हसली. मलाही माझं वाक्य फार आवडलं होतं.

तेच वाक्य मी आमच्या मासेवालीला ऐकवलं. ती उत्तनच्या कोळीवाड्यातली. बोंबील साफ करता करता, मान वर न करता ती म्हणाली, ''काका, मग जाळं तुम्ही आणून द्या.''

उत्तनला मी गेलो तो वर्षभराने, तेही नातवाला समुद्र दाखवायला. मासेवालीचा दीर घराच्या ओट्यावर डोल जाळं पसरून बसला होता. डोल म्हणजे लांबलचक पिशवीच: तोंड रुंद, शेपूट निमुळतं, आणि भर प्रवाहात बांधलेली. ओढीबरोबर बोंबील येतो, जवळा येतो, कधी कासवही येतं. कासवाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. जास्त वेळ अडकलं तर गुदमरतं. म्हणजे सावकाश सोडवत बसायची सोय नाही, सुरीच काढायची. त्याने दाखवलेलं भोक आमच्या जेवणाच्या टेबलाएवढं होतं. एकेक गाठ मारत तो दुसऱ्या दिवशीही तिथेच बसलेला, आणि त्या भोकातून कासवामागोमाग त्या खेपेची मासळीही गेली होती. गुन्ह्याचा हिशेब मी चोख केला होता, त्या मासळीचा नाही.

तरी मी लगेच विरघळलो, असं नाही. खरा धक्का घरीच बसला. गावाकडच्या चुलतभावाला ठिबकचं अनुदान मिळावं म्हणून सातबारा, आठ-अ गोळा करत मीच फिरलो होतो. अल्पभूधारकाला 55 टक्के, बाकीच्यांना 45, हे मला तेव्हा तोंडपाठ होतं. पुढे 2024मध्ये छतावरच्या सौर विजेची सूर्यघर योजना आली. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये मिळतात म्हटल्यावर सेक्रेटरी या नात्याने अर्ज मीच लिहायला घेतला. विजेचं बिल कमी होणार होतं आमचंच, पण याला कट्ट्यावर कुणी फुकटेगिरी म्हणालं नाही. मीही नाही.

खोटे दावे येतील ही शंका मात्र अजून आहे. म्हणूनच भरपाईसाठी फोटो लागतो, हे कळल्यावर मला बरं वाटलं होतं. उत्तनला मी तसं बोललोही. दिराने फोन पुढे केला. काळोख, हलणारी होडी, एका हातात सुरी, दुसऱ्यात फोन. फोटोत ओल्या दोऱ्यांचा गुंता दिसत होता आणि कडेला काहीतरी चपटं, करडं. ''हा त्याचा पाय,'' तो बोट ठेवून म्हणाला.

नोकरीत असतो तर तो फोटो मी नामंजूर केला असता.