वारा पडला

नाशिकला समुद्र नाही, पण पाण्याची नोंद ठेवायची सवय या गावाला जुनी. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पेपरात क्युसेकचे आकडे येतात, गोदाकाठचा माणूस मात्र एवढंच विचारतो, "दुतोंड्याला कुठवर लागलं?" गुडघ्याला, कमरेला, छातीला. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलंय ते अख्ख्या गावाला दिसतं. त्यात कमी-जास्त सांगायची सोय नाही.

माझ्या वह्यांत ती सोय होती. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक खाली काढली तेव्हा ते नव्याने कळलं.

तरुणपणी नोकरीनिमित्त मुंबईत होतो, तेव्हा मी कॅटामरानच्या शर्यती खेळायचो. नाशिकला परतलो तेव्हा बोट विकली, कागद तेवढे घेऊन आलो. खाऱ्या पाण्याने फुगून परत वाळलेल्या शर्यतीच्या सूचना. भरती-ओहोटीची कोष्टकं. निकालपत्रकं, ज्यांत ज्याचे गुण सर्वांत कमी तो पहिला, आणि ज्याला शर्यत पुरी करता आली नाही त्याच्या नावापुढे नुसतं 'डीएनएफ'. प्रोटेस्टचे, म्हणजे तक्रारीचे, दोन अर्ज. त्यांत कोणाची बोट कुठे होती हे दाखवायला लहान मुलांनी काढाव्यात तशा होड्या आणि वाऱ्याचा एक बाण. आणि माझ्या स्वतःच्या नोंदींच्या वह्या, शंभर पानी, किराणा दुकानातल्या.

कॅटामरान हा शब्द मूळचा तमिळ. कट्टु म्हणजे बांधणं, मरम म्हणजे लाकूड, बांधलेले ओंडके. आपल्या कोकणात होडीला बाजूने उलांडी लावतात, त्याच कुळातली ही कल्पना: एका अरुंद अंगाला तोल सांभाळता येत नसेल, तर शेजारी दुसरं द्या. माझी बोट होती हॉबी सिक्स्टीन. कॅलिफोर्नियातल्या हॉबी आल्टर या सर्फबोर्ड बनवणाऱ्या माणसाने काढलेली. साडेसोळा फुटांचे, केळ्यासारखे वाकलेले दोन हल, म्हणजे बोटीची दोन अंगं, मधे ताणलेलं कापड, वर डोलकाठी. माणसं दोन. सुकाणू आणि मोठं शीड, म्हणजे मेन, माझ्या हातात, पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब, जोडीदाराच्या, म्हणजे क्रूच्या, हातात. वारा चढला की कमरेचा हुक तारेत अडकवून, पाय हलच्या कडेला रोवून, पाठ पाण्यावर झोकून द्यायची. वरच्या बाजूचा हल पाण्यातून उचलला जातो. त्या घटकेला बोट सुसाट असते आणि तोंडघशी पडायला फार लागत नाही.

पण या बोटीची खरी परीक्षा वेगात नसते, वळण्यात असते. वाऱ्याच्या तोंडातून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, पलीकडे न्यायची म्हणजे टॅक करायचं. एका हलची जड बोट आपल्या वजनाच्या जोरावर फिरून जाते. कॅटामरान हलकी, तिला दोन हल आडवे वळवायचे असतात; ती मध्येच अडते, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते आणि मागे सरकायला लागते. म्हणून क्रूने जिब लगेच सोडायचं नाही. ते उलट्या अंगाने भरू द्यायचं, म्हणजे वाराच नाळ पलीकडे ढकलतो. सुकाणूवाल्याने त्याच वेळी मोठं शीड सैल सोडायचं. ते ताणलेलं राहिलं तर बोट वातकुक्कुटासारखी वाऱ्याकडेच तोंड धरून बसते. एका दोरीने धरायचं, दुसरीने सोडायचं. हे सांगायला दोन वाक्यं लागतात. अंगवळणी पडायला मला दोन मोसम लागले.

ट्रंक उघडली त्याच आठवड्यात माझा जुना क्रू नाशिकला आला. जमिनीवर बसून, चिवड्याचा बकाणा भरत, तो वह्या चाळत होता. एका पानावर थांबला. डिसेंबरातली दुपार, तिसरी शर्यत. माझं अक्षर: 'वरच्या मार्कला वळसा घालताना वारा पडला. दोन बोटी पुढे गेल्या.'

"वारा पडला नव्हता," तो म्हणाला. "चांगला खारा वारा होता. तू मेन सोडलंच नाहीस. आपण अडकलो. आणि वर मलाच ओरडलास, जिब लवकर सोडलं म्हणून."

मला लगेच आठवलं. म्हणजे विसरलो नव्हतोच. त्या संध्याकाळी वही उघडली तेव्हा क्रूचं नाव लिहायची लाज वाटली, माझं लिहायचा धीर झाला नाही. वाऱ्याचं लिहिलं. वाऱ्यावर आळ घेतला तर तो भांडायला येत नाही.

वल्हं मारणाऱ्याला ही पळवाट कमी. आपल्याच जिल्ह्यातला, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला एकट्याने नाव वल्हवून तेरावा आला. तिथे दोन वल्ही, दोन हात, आणि घड्याळ. शिडाच्या खेळात मात्र प्रत्येक चुकीला एक वारा हाताशी असतो.

ही पळवाट किती लांब जाते, त्याची एक गोष्ट समुद्रावरच्या माणसांना ठाऊक असते. १९६८ मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत लागली. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा इंग्रज तीन हलची, चाळीस फुटी बोट घेऊन निघाला. बोट तयार नव्हती, तोही नव्हता. तो अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला आणि रेडिओवरून खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची बोट रिकामी सापडली. आत वह्या होत्या, खऱ्या आणि खोट्या. ती शर्यत पुरी करणारी एकच बोट, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली'. ती सागवानी बोट मुंबईत बांधलेली. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्यांनी क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

एकट्या माणसाच्या वहीला साक्षीदार नसतो. म्हणून मला दिलीप दोंदे यांच्या प्रवासाचं मोल वेगळं वाटतं. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी मनात धरलेली ही कल्पना. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली छप्पन फुटी 'म्हादेई'. ऑगस्ट २००९ ते मे २०१०, मुंबई ते मुंबई. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला भारतीय. पण नोंदीत चार थांबेही आहेत: फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन. 'न थांबता' हे दोन शब्द म्हादेईच्याच डेकवरून अभिलाष टॉमी यांनी २०१३ मध्ये कमावले. तोवर ती जागा कोरी होती. कोऱ्या जागेला हात न लावणं हीदेखील नाविकाची शिस्त.

बोटीच्या नोंदवहीत खाडाखोड करत नाहीत, पान फाडत नाहीत. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहायचं आणि शेजारी सही.

मी पेन्सिल घेतली. 'वारा पडला'वर रेघ मारली. वर लिहिलं: 'मेन सोडायला चुकलो. जिब बरोबर होतं.' सही केली आणि वही मिटायला लागलो.

"तारीख घाल," क्रू म्हणाला.

मी त्या डिसेंबरातली तारीख लिहायला घेतली. त्याने वहीवर बोट ठेवलं.

"आजची."