ज्यांची तबकडी नाहीं

गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्या गाण्याची एकहि तबकडी आज उपलब्ध नाहीं. हें ऐकून आमच्या थोरल्या बंधूंनीं चष्मा काढून विचारलें, "मग ते मोठे होते, हें ठरविलें कोणीं?"

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. आणि तो भास्करबुवांविषयीं नव्हताच. बंधूंची कन्या येथें वर्ध्यास एका वृद्ध गुरुजींकडे ख्याल शिकते. गुरुजींचें गाणें ना कधीं तबकडीवर निघालें, ना हल्लीं ज्याच्या-त्याच्या हातांत असणाऱ्या फोनवर सांपडतें. तेव्हां मुलीला तेथून काढून नागपूरच्या एखाद्या नामांकित वर्गांत घालावें, असा बंधूंचा विचार. वहिनींचें मत उलट. थोरल्यांशीं वाद घालण्याची आमच्याकडे चाल नाहीं. म्हणून जें माजघरांत बोलतां आलें नाहीं तें येथें लिहितों. अंक बंधूंच्या हातीं पडेलच.

आमच्या आजोबांच्या पेटींत बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत. 'स्वयंवर' नाटक १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील पदांना चाली दिल्या भास्करबुवांनीं, आणि बालगंधर्व त्यांचेच शिष्य. म्हणजे ज्या घरांत बुवांचें नांव कोणी कधीं उच्चारलें नसेल, त्या घरांतहि बुवांचें गाणें कर्ण्यांतून येतच होतें. दुसरे शिष्य मास्टर कृष्णराव. 'प्रभात'च्या 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) या बोलपटांचें संगीत त्यांचें. खपाचा हिशेब शिष्यांच्या नांवें मांडला गेला. भांडवल मात्र गुरूचें.

खुद्द यंत्राचीहि अडचण होती. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. पद, ठुमरी, भजन एवढ्यांत बसे. ज्याचा ख्याल अर्ध्या तासानंतर रंगूं लागे, त्या गवयानें तेथें काय गावें? शिवाय आपली विद्या अशी बाजारांत मांडली तर वाटेल तो ती उचलील, ही धास्ती कित्येक खानदानी गवयांना होती. आपण आज तिला हंसतों. पण त्या विद्येवर त्यांचीं पोटें होतीं.

कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखां (१८५५–१९४६) नव्वद वर्षें जगले. त्यांचीहि तबकडी नाहीं. तरुणपणीं अतिगायनानें आवाज बिघडला, तेव्हां त्या जड झालेल्या आवाजाला झेपेल अशी पेंचदार गायकी त्यांनीं नव्यानें घडविली. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याच शिष्या. केसरबाईंच्या भैरवीचें एक ध्वनिमुद्रण तर १९७७ सालीं अमेरिकेच्या 'व्हॉयेजर' यानांवर चढून ताऱ्यांच्या वाटेला लागलें. खांसाहेबांचा स्वतःचा स्वर मात्र कोल्हापुरांतहि उरला नाहीं!

तबकडी नाहीं म्हणून गवई थोर, असें मात्र कोणी समजूं नये. अब्दुल करीमखांसाहेबांच्या तबकड्या घरोघर गेल्या, आणि त्यांतल्याच एकीनें लहानग्या भीमसेन जोशांना गाण्याचें वेड लावलें. उलट पंडित भातखंडे (१८६०–१९३६) हे पेशानें वकील. मैफली गाजविण्याच्या भरीस ते पडले नाहींत. तरीहि त्यांची 'क्रमिक पुस्तकमालिका' आमच्या पुतणीच्या मेजावर आहे, आणि नागपूरच्या त्या वर्गांतहि असणार. तबकडी किती घरांत गेली हें खपाच्या आंकड्यावरून कळतें. ती ऐकून किती जण गाऊं लागले हें त्यावरून कळत नाहीं. बंधूंनीं फोनवर पाहिला तो पहिला आंकडा.

गेल्या चातुर्मासांत मुलीनें मारव्यांतील एक चीज म्हटली. ती मला कोठल्याहि पुस्तकांत आढळली नाहीं. गुरुजींना ती त्यांच्या गुरूंकडून मिळालेली. अशा पुष्कळ चिजा त्यांच्याजवळ आहेत, आणि त्या त्यांनीं लिहून ठेविलेल्या नाहींत. गुरुजींचें वय ७८ आहे. नागपूरचा वर्ग पुढल्या सालींहि तेथेंच असेल.