बिऱ्हाड उधन्याला

आमच्या दादाने सारी नोकरी नंदुरबारच्या शाळेत केली आणि निवृत्त झाल्यावर घरही तिथेच बांधले. दोन खोल्या, पडवी, मागे आणखी एक खोली आणि अंगणात पेरूचे झाड. पण वहिनींच्या हृदयाची एक झडप आकुंचत चालली आहे असे निदान झाले, आणि 'मोठ्या गावी बिऱ्हाड हलवा' म्हणून सगळे नातेवाईक दादाच्या मागे लागले. त्यात सर्वांत मोठा आवाज अर्थातच पुण्याहून माझा. गेल्या मार्गशीर्षात मी उठलो आणि गेलो. दोघांना घेऊनच येतो, असे घरी सांगून गेलो होतो.

नंदुरबारला उतरल्यावर गावाची ओळख प्रथम नाकाला पटते. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली, जिकडे पाहावे तिकडे लालच लाल. मी एका दमात सात शिंका दिल्या. दादा हसला. "इथल्या माणसाला शिंक येत नाही," तो म्हणाला, "शिंकला की ओळखावं, पाहुणा!"

दादा गणिताचा मास्तर. रात्री जेवणे झाल्यावर त्याने वही काढली. पुण्याच्या नावापुढे एकच ओळ होती : पेन्शनीतला निम्मा पैसा भाड्यात. मी गप्प बसलो. धुळे जवळचे आणि स्वस्त. तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण तिथून पुढे पाठवले, तर पुन्हा नाशिकची वाट. नाशकात इस्पितळे पुष्कळ. मात्र नंदुरबारहून तिकडे सरळ रेल्वे नाही, मोटारीने चार-पाच तास आदळत जायचे. राहता राहिले सुरत. गाडीने तीनेक तास. पेन्शनीत बसेल असे भाडे. शिवाय उधना आणि लिंबायत या भागांत निम्मे खानदेश उतरले आहे. भाजीवालीशी अहिराणीत घासाघीस करता येते, हा दादाच्या वहीतला स्वतंत्र मुद्दा होता.

"आणि राज्य बदलतं त्याचं काय?" मी विचारले. त्याचेही उत्तर वहीत होते. महात्मा फुले योजना महाराष्ट्राची. पण आयुष्मानचे कार्ड देशभर यादीतल्या इस्पितळांत चालते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या माणसाला उत्पन्न न विचारता वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळते. दादा बाहत्तर वर्षांचा, त्याच्याकडे ते कार्ड होते. वहिनींना सत्तरीला दीड वर्ष बाकी होते. कार्ड एकाला, दुखणे दुसऱ्याला! दादाने त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या : 'दीड वर्ष थांबावे काय?'

दुसऱ्या दिवशी तिघे सुरतेला निघालो. वाटेत नवापूर. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली आणि सीमेची रेघ या स्टेशनातून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. वहिनी खिडकीतून पाहत होत्या. "तिकीट आपल्याकडे काढायचं, गाडी चुकली तर गाऱ्हाणं तिकडे सांगायचं," त्या म्हणाल्या. दोन दिवसांत त्यांचा हा पहिला विनोद.

उधन्यातली खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. आम्ही दोघे बोलत वर पोहोचलो आणि वळून पाहिले तर वहिनी नव्हत्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून उभ्या होत्या. ओठांचा रंग मला आवडला नाही. "केव्हापासून होतंय असं?" दादाने विचारले. त्या म्हणाल्या, "श्रावणापासून. तुमचं दीड वर्षाचं गणित मोडायला नको, म्हणून बोलले नाही."

त्याच संध्याकाळी डॉक्टरांना गाठले. धाप लागू लागली की या झडपेच्या बाबतीत कॅलेंडर पाहायचे नसते, एवढेच त्यांनी सांगितले. बाहेर येऊन दादाने वही उघडली नाही.

परत आलो त्या रात्री मागच्या खोलीतली मंडळी चौकशीला आली. धडगावच्या पलीकडच्या, सातपुड्यातल्या पाड्यावरचे पावरा कुटुंब. मुलीला सिकलसेल आहे, वरचेवर रक्त द्यावे लागते. पाड्यापासून मोटारीच्या रस्त्यापर्यंत आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून आणावे लागते. एकदा तसे आणताना नाल्याला पाणी आले, आणि बापाने ठरवले : आता शहरात राहायचे. शहर म्हणजे हे, नंदुरबार! १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून तोडून केलेल्या जिल्ह्याचे ठाणे. २०२० पासून इथेही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. नवराबायको पथारीवर मिरची निवडतात. मी पुण्याहून ज्या गावातून दोन माणसे हलवायला आलो होतो, तिथे हा माणूस डोंगर सोडून राहायला आला होता. त्याने वहिनींना विचारले, सुरतेत झोळी लागते का? वहिनी म्हणाल्या, "लागते रे बाबा, जिन्यावर लागते."

उधन्यालाच, पण तळमजल्यावर खोली मिळाली. भाडे थोडे जास्त. दादाने घासाघीस केली नाही, त्यावरून मला त्याच्या मनाची कल्पना आली. त्याने ठेव मोडली, काही मी घातले. माझे पैसे त्याने वहीत 'उसने' म्हणून लिहून ठेवले आहेत. निघताना वहिनींनी घराची किल्ली त्या मुलीच्या आईच्या हातात दिली आणि तुळशीला पाणी कधी घालायचे हे तीनदा सांगितले.

माघात झडप बदलली. मी महिनाभर सुरतेत होतो. पुण्याला घेऊन येतो म्हणून गेलेला मीच तिकडचा झालो, अशी थट्टा आमच्या घरी अजून चालते. यंदा दिवाळीला दादा-वहिनी नंदुरबारला गेली आहेत. मागच्या खोलीतल्या मुलीसाठी सुरतेहून परकर-पोलके नेले आहे. परतीची तिकिटे भाऊबीजेनंतरची काढलेली आहेत, कारण डॉक्टरांची तारीख ठरलेली आहे. पण वहिनींनी कालच फोनवर सांगितले की पेरू अजून कच्चे आहेत, म्हणून दादा तिकिटे पुढे ढकलता येतात का ते पाहतो आहे.