नवा एसी घेण्याआधी

नवी मुंबईच्या महापे एमआयडीसीतल्या एका डेटा सेंटरची वीज आणि कूलिंग मी सांभाळते. हॉल मध्यम आकाराचा आहे. सर्व्हर साधारण 100 किलोवॅट घेतात, पण मेन मीटरवर 180 दिसायचे. म्हणजे पीयूई 1.8. हॉलच्या एकूण विजेला सर्व्हरपर्यंत पोचणाऱ्या विजेने भागलं की हा आकडा मिळतो. तो 1 च्या जितका जवळ, तितकं बरं. गूगल आपल्या केंद्रांची सरासरी 1.1 च्या आसपास सांगते.

उन्हाळा लागला आणि रॅकच्या वरच्या भागातले सर्व्हर तापल्याचे अलार्म येऊ लागले. रात्रपाळीची मुलं एसीचा सेटपॉइंट खाली आणत राहिली, पार 18 अंशांपर्यंत. तरी अलार्म थांबेनात. "मॅडम, अजून एक पीएसी लागेल," असं एसीवाल्याने सांगितलं आणि कोटेशनही दिलं. पीएसी म्हणजे अशा हॉलसाठीचा खास एसी. रक्कम बघून साहेब म्हणाले, आधी नीट तपासा.

आम्ही प्रत्येक रॅकच्या पुढच्या बाजूला खाली, मध्ये आणि वर साधे थर्मामीटर लावले. खाली 17 अंश आणि वर 29. म्हणजे थंड हवा भरपूर होती, ती वरपर्यंत पोचत नव्हती. रॅकमधल्या रिकाम्या जागांतून आणि रॅकच्या डोक्यावरून मागची गरम हवा पुढे येत होती. फॉल्स फ्लोअरमधल्या केबलच्या भोकांतून थंड हवा भलतीकडेच निघून जात होती. थंड हवा वर सोडणाऱ्या छिद्रांच्या काही टाइल्स तर गरम गल्लीत, म्हणजे रॅकच्या मागच्या बाजूला, बसवलेल्या होत्या.

मग स्वस्तातली कामं आधी केली. रिकाम्या जागी ब्लँकिंग पॅनेल लावले. केबलची भोकं ब्रशच्या पट्ट्यांनी बंद केली. टाइल्स पुढच्या थंड गल्लीत हलवल्या. गल्लीच्या दोन्ही टोकांना पडदे लावले. पडद्याचं कापड आग न पकडणारंच घ्या, आणि लावण्याआधी फायर सिस्टिमवाल्याला दाखवा. डिटेक्टर किंवा गॅसचा नोझल आड जाता कामा नये. एवढं झाल्यावर वर-खालचा फरक दोन-तीन अंशांवर आला आणि अलार्म थांबले. कोटेशन फाइलमध्येच राहिलं.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट सापडली. एक पीएसी हवेतला ओलावा काढत होता आणि शेजारचा ओलावा घालत होता. दोघांचे सेन्सर वेगळं सांगत होते, आणि आर्द्रतेची मर्यादा फार अरुंद ठेवलेली होती. आम्ही सेन्सर जुळवले, मर्यादा सैल केली आणि ह्युमिडिफायर बंद केले. नवी मुंबईच्या हवेला ओलावा विकत द्यायची गरज नाही.

त्यानंतर तापमान वाढवायला घेतलं. अ‍ॅशरे या अमेरिकी संस्थेची शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी 18 ते 27 अंश अशी आहे. इथे अडचण कागदाची आली. ग्राहकांच्या करारात 22 अंश लिहिलं होतं, पण ते कुठे मोजायचं हे लिहिलेलं नव्हतं. आम्ही सर्व्हर कंपन्यांची माहितीपत्रकं जोडून ग्राहकांना पत्रं पाठवली. बहुतेक सर्व्हर 35 पर्यंत चालतात, असं त्यांतच छापलेलं असतं. तरीही होकार यायला वेळ लागला. हॉलमधल्या कामापेक्षा हीच वाट बघणं मला जास्त जड गेलं.

दर वेळी एकच अंश वाढवला आणि आठवडाभर थांबलो. 25 वर थांबलो, कारण त्यापुढे जुन्या सर्व्हरचे पंखे जोरात फिरू लागले. एसीत वाचलेली वीज तिथे जाऊ लागली. यूपीएसच्या बॅटऱ्या याच हॉलमध्ये होत्या. लेड-अ‍ॅसिड बॅटरी 25 च्या वर सतत राहिली तर तिचं आयुष्य भराभर कमी होतं. म्हणून त्या शेजारच्या खोलीत हलवल्या आणि तिथे छोटा एसी लावला.

हवा वाया जाणं थांबल्यावर पीएसीचे पंखेही हळू चालवता आले. पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आणला की त्याला वीज जवळपास निम्मीच लागते. एकूण भार 150 च्या आसपास आला, म्हणजे पीयूई 1.5.

मग आयटीवाल्यांबरोबर यादी काढली. कोणीच वापरत नसलेले सर्व्हर बरेच निघाले. मालक शोधून, बॅकअप घेऊन, ते एकेक करून बंद केले. सर्व्हरचा भार 90 झाला आणि एकूण 137. पीयूई मात्र 1.52 झाला. आकडा बिघडला म्हणून बैठकीत मलाच प्रश्न विचारले गेले. मला राग आला होता. 13 किलोवॅट कायमचे कमी झाले होते. वर्षाला ते एक लाखाहून जास्त युनिट होतात. आपल्या ग्रिडची वीज मुख्यतः कोळशाची, युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला 80 टनांच्या आसपास. तेव्हापासून अहवालात पीयूईच्या शेजारी एकूण युनिटही लिहिते. तुम्हीही लिहा. एकट्या पीयूईवर बक्षीस ठेवलं तर रिकामे सर्व्हर कोणी बंद करणार नाही.

काढलेल्या यंत्रांतल्या डिस्क पुसून ती यंत्रं नोंदणीकृत रिसायकलरकडे दिली. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम त्यासाठी वाचून ठेवा, आणि पावती जपा.

आता हरित वीज घ्यायचं बघतोय. 2022 च्या ओपन अ‍ॅक्सेस (दुसऱ्या पुरवठादाराकडून वीज घेण्याच्या) नियमांमुळे 100 किलोवॅटपासूनच्या ग्राहकालाही ती मागता येते. आमच्यासारखा हॉल असेल तर क्रम हाच ठेवा: आधी मोजा, मग गळती बुजवा, मग तापमान वाढवा, मग रिकामी यंत्रं काढा. हरित विजेचा करार त्यानंतर करा, म्हणजे वाया जाणाऱ्या विजेचाही करार होणार नाही.